संरक्षक सर्किट नसलेली बॅटरी

१. मोबाईलला चालते ते ड्रोनच्या बॅटरीला का चालत नाही?

घरात मॉडेल विमान, रिमोटची गाडी किंवा हाताने जोडलेला ड्रोन आला की हा प्रश्न निघतोच. मोबाईल रात्रभर उशाशी चार्जिंगला असतो, त्याचे कोणाला काही वाटत नाही. मग मुठीत मावेल एवढ्या या बॅटरीला वेगळा चार्जर, वेगळी जागा आणि चार्ज होईपर्यंत समोर माणूस, हे सगळे कशाला? दोन्हींत लिथियमच तर आहे. प्रश्न रास्त आहे आणि ‘ही बॅटरी जास्त ताकदीची असते’ हे त्याचे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. साधा हिशेब करू. बॅटरीची अँपिअर-तासांतली क्षमता व्होल्टेजने गुणली की तिच्यात साठलेली ऊर्जा कळते. ११.१ व्होल्टच्या, २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास क्षमतेच्या पॅकमध्ये सुमारे २४ वॅट-तास ऊर्जा मावते. ५००० एमएएचच्या मोबाईलमध्ये ती सुमारे १९ वॅट-तास भरते. म्हणजे साठा जवळपास सारखाच. अशा साठ्यात पाव लिटरभर पाणी उकळीच्या जवळ नेता येते, इतका तो दोन्हीकडे मोठा आहे. तरीही एक उशाशी चालतो आणि दुसरा चालत नाही.

फरक आहे तो राखणीत. मोबाईलच्या सेलला जोडून एक नखाएवढे सर्किट असते. व्होल्टेज ठरल्यापेक्षा वर गेले, फार खाली गेले किंवा प्रवाह बेसुमार वाढला तर ते सेलचा मार्ग तोडते. फोन स्वतः तापमान मोजतो आणि गरज पडली तर चार्जिंग मंदावतो. छंदासाठी विकल्या जाणाऱ्या लिथियम-पॉलिमर पॅकमध्ये, ज्याला सगळे लायपो म्हणतात, यातले काहीही नसते. ते मुद्दाम वगळलेले असते. मॉडेल विमान उचलायला काही क्षण ५० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो. घरातल्या गीझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, त्यावरून अंदाज यावा. एवढा प्रवाह पेलणारे सर्किट वजन वाढवते, आणि हवेत असताना त्याने मार्ग तोडला तर विमान थेट खाली येते. म्हणून सर्किट गाळले जाते. पण त्याने करायची कामे त्यामुळे संपत नाहीत. ती पॅक विकत घेणाऱ्याच्या अंगावर येतात. व्होल्टेजची वरची मर्यादा, खालची मर्यादा, प्रवाह आणि तापमान या चार गोष्टींवर आता माणसाला लक्ष ठेवायचे आहे. लायपोची सुरक्षितता म्हणजे हे चार पहारे नियमाने देणे. पिशव्या, डबे आणि वाळू यांचा नंबर त्यानंतर लागतो. पुढची सगळी चर्चा याच एका मुद्द्यावर उभी आहे.

एक अपवाद आधीच नोंदवायला हवा. तयार मिळणाऱ्या कॅमेरा-ड्रोनच्या कडक कवचाच्या बॅटऱ्यांत बहुधा असे सर्किट बसवलेले असते. त्या त्यांच्याच चार्जरवर आणि त्यांच्याच सूचनेप्रमाणे चार्ज कराव्यात. इथे विषय आहे तो उघड्या, मऊ पॅकचा, जो छंदाच्या दुकानांत मिळतो आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या रोबोटिक्स क्लबांत टेबलांवर पडलेला दिसतो.

२. लेबलवरचे आकडे आणि आतली रचना

असा पॅक हातात घेऊन नीट पाहा. बाहेर आकसलेल्या प्लास्टिकचे रंगीत वेष्टण, त्याखाली एकावर एक रचलेल्या चंदेरी, चपट्या पाकिटांसारखे सेल. एका टोकाकडून दोन जाड वायरी निघतात, लाल आणि काळी, आणि पिवळ्या कनेक्टरमध्ये शिरतात. त्यांच्या शेजारून बारीक वायरींचा एक झुबका निघतो आणि छोट्या पांढऱ्या प्लगमध्ये संपतो. हा बॅलन्स प्लग. पॅकमध्ये तीन सेल असतील तर त्यात चार वायरी असतात, म्हणजे प्रत्येक सेलची दोन्ही टोके बाहेरून मोजता येतात. जाड वायरीतून काम होते आणि बारीक वायरीतून आतली खबर मिळते.

लेबलवर लिहिलेले असते: ११.१ व्होल्ट, ३एस, २२०० एमएएच, २५सी. लायपोच्या एका सेलचे सरासरी व्होल्टेज ३.७ असते. ३एस म्हणजे तीन सेल एकापाठी एक जोडलेले, म्हणून तीन गुणिले ३.७ बरोबर ११.१. २२०० एमएएच ही क्षमता. २५सी म्हणजे क्षमतेच्या २५ पट प्रवाह ओढता येईल असा उत्पादकाचा दावा, इथे २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर. हा आकडा फक्त वापरताना ओढायच्या प्रवाहाचा आहे. चार्जिंगसाठी तो धरणे ही नवख्यांची नेहमीची आणि महागडी चूक.

प्रत्येक पाकिटाच्या आत तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा लेप असतो, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बहुधा लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडसारख्या संयुगाचा, आणि दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ, सच्छिद्र पडदा. हे सगळे एका सेंद्रिय द्रावणात भिजलेले असते. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. या रचनेत दोन गोष्टी मुळातच धोक्याच्या आहेत. द्रावण ज्वलनशील आहे, आणि ऑक्साइड फार तापले की स्वतःतून ऑक्सिजन सोडते. म्हणजे इंधनही आत आणि ऑक्सिजनही आत. दोन्ही लेपांना एकमेकांपासून दूर ठेवतो तो एक पडदा, आणि तो पॉलिएथिलीनचा असेल तर १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. मोबाईलचे सेलही असेच बनतात. पण त्यांना राखण आणि कवच दोन्ही असते. मऊ पॅकवर टाचणी, स्क्रूड्रायव्हर किंवा विमानाची आपटी थेट पोहोचते.

३. वरची मर्यादा: ४.२ व्होल्ट

साध्या लायपो सेलची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट आहे. चांगला चार्जर तिथपर्यंत दोन टप्प्यांत जातो. नळाखाली हंडा भरताना आपण आधी तोटी पूर्ण सोडतो आणि पाणी काठाशी आले की ती बारीक करतो. चार्जरही सुरुवातीला ठरलेला प्रवाह पूर्ण देतो, सेल ४.२ ला पोहोचला की व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत नेतो आणि तो नगण्य झाला की थांबतो. म्हणूनच शेवटचा थोडा भाग भरायला बराच वेळ लागतो. चार्जर बिघडला असे समजून त्या वेळी प्रवाह वाढवू नये.

या मर्यादेपलीकडे काय होते हे समजायला बॅटरीच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी बनवलेल्या बॅटरीत एका बाजूला धातुरूप लिथियम होता. तो चार्ज होताना सुईसारखे काटे वाढवत असे आणि काटे पलीकडे पोहोचले की आतल्या आत शॉर्ट होई. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडचा मार्ग दाखवला आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातुरूप लिथियम काढून त्याजागी कार्बन वापरला, जो लिथियमचे आयन पोटात सामावून घेतो. त्यामुळे बॅटरी विकण्याजोगी झाली. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. धातुरूप लिथियम किती महाग पडतो याचा दाखला त्याआधीच मिळाला होता: कॅनडातल्या मोली एनर्जी कंपनीला आपल्या धातुरूप लिथियमच्या बॅटऱ्या १९८९ मध्ये आगीच्या घटनांमुळे परत मागवाव्या लागल्या. आता सेल मर्यादेबाहेर चार्ज केला, फार जोराने चार्ज केला किंवा गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज केला तर आयनांना ग्राफाइटमध्ये शिरायला जागा किंवा वेळ मिळत नाही आणि ते त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. योशिनो यांनी बाहेर काढलेला धातुरूप लिथियम आपण चुकीच्या चार्जिंगने परत आत आणतो. तो बाहेरून दिसत नाही, लगेच काही करत नाही, पण साचत राहतो.

इथे बॅलन्स प्लगचे महत्त्व कळते. तीन सेलचा पॅक पूर्ण चार्ज झाला म्हणजे एकूण १२.६ व्होल्ट. समजा, चार्जर फक्त जाड वायरींवरून मोजतो आहे आणि त्याला बरोबर १२.६ दिसले. पण आत एक सेल ४.१ वर, दुसरा ४.२ वर आणि तिसरा ४.३ वर असला तरी बेरीज १२.६ च येते. बेरीज निर्दोष आणि तिसरा सेल धोक्यात. जुने होता होता सेल एकमेकांपासून असे फटकतातच. म्हणून लायपो नेहमी बॅलन्स प्लग जोडूनच, बॅलन्स मोडमध्ये चार्ज करावा, आणि चार्जरच्या पडद्यावर एकूण आकड्याऐवजी प्रत्येक सेलचा आकडा पाहावा. चार्ज पुरा झाल्यावर सेलांत ०.०१ ते ०.०२ व्होल्टचा फरक चालतो. चार्ज होऊनही एखादा सेल सारखा मागे राहत असेल तर तो पॅक निवृत्त करायची वेळ झाली आहे.

४. चार्जर आपल्यावर विश्वास ठेवतो

‘माझा चार्जर चांगल्या कंपनीचा आहे, सगळे आपोआप होते, मग समोर बसायचे कशाला?’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि त्यात अर्धे तथ्य आहे. चांगला चार्जर खरोखरच पुष्कळ चुका अडवतो. पण बॅटरी कोणत्या जातीची, सेल किती आणि प्रवाह किती, हे तीन निर्णय बहुतेक चार्जरांवर माणूसच घेतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट या जातीचे सेलही छंदात वापरले जातात. त्यांची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट. असा तीन सेलचा पॅक १०.९५ व्होल्टला भरतो. चुकून लायपो मोड निवडला तर चार्जर त्याला १२.६ पर्यंत ढकलत राहील. उलट ‘एचव्ही’ लिहिलेले लायपो ४.३५ पर्यंत चार्ज होतात. साधा लायपो त्या मोडवर लावला तर प्रत्येक सेल मर्यादेबाहेर जातो. मोड निवडणे हे दर वेळी वाचून करायचे काम आहे, अंगवळणी पडलेल्या बोटांनी करायचे नव्हे.

प्रवाहाचा नियम सोपा आहे: १सी, म्हणजे क्षमतेइतकाच. २२०० एमएएचला २.२ अँपिअर, ५००० ला ५ अँपिअर, ४५० एमएएचच्या चिमुकल्या पॅकला ०.४५. मोठ्या पॅकनंतर छोटा पॅक लावताना जुनी सेटिंग तशीच राहिली तर ४५० च्या पॅकमध्ये ५ अँपिअर, म्हणजे ११ पट प्रवाह शिरेल. शक्य असेल तर चार्जरमध्ये क्षमतेची मर्यादाही घालावी. पॅक २० टक्के शिल्लक ठेवून उतरवला असेल तर २२०० च्या पॅकमध्ये साधारण १७६० एमएएच परत जायला हवे. आकडा २२०० ओलांडून पुढे जात असेल तर कुठेतरी गळती आहे, तिथेच थांबवावे. पॅरलल बोर्डावर अनेक पॅक एकत्र चार्ज करायचे असतील तर सगळ्यांची सेलसंख्या एकच आणि व्होल्टेज जवळजवळ सारखे हवे. नाहीतर जोडताक्षणी भरलेल्या पॅकमधून रिकाम्यात कोणतीही मर्यादा नसलेला प्रवाह धावतो, आणि तो चार्जरच्या हातात नसतो.

शेवटी, चार्जरला सेलचे व्होल्टेज दिसते, पण पाकीट फुगते आहे, कोपरा गरम लागतो आहे किंवा गोडसर, द्रावकासारखा वास येतो आहे, हे त्याला कळत नाही. काही चार्जरांना तापमानाचा सेन्सर जोडता येतो. बहुतेक घरांत तो जोडलेला नसतो. समोर बसलेला माणूस हाच तो सेन्सर. झोपायला जाताना, अंघोळीला जाताना किंवा कोपऱ्यावर दूध आणायला जाताना चार्जिंग बंद करून जावे.

५. खालची मर्यादा: ३ व्होल्ट

जास्त चार्जची भीती सगळ्यांना असते. रिकामी बॅटरी मात्र निरुपद्रवी वाटते. हा गैरसमज घातक आहे. लायपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, आणि वापरताना ३.५ च्या आसपास थांबलेले बरे. सेल फार खाली गेला की ग्राफाइटच्या बाजूचे तांबे द्रावणात विरघळू लागते. पुढे तो सेल पुन्हा चार्ज केला की विरघळलेले तांबे भलत्याच जागी जमते आणि आत शॉर्टचा रस्ता तयार करते. म्हणजे अपघाताचे बीज रिकामे करताना पेरले जाते आणि उगवते ते चार्ज करताना.

हे किती सहज घडते ते पाहा. २२०० एमएएचचा पॅक २० टक्क्यांवर उतरवला, म्हणजे ४४० एमएएच शिल्लक. गाडी बंद केली असे वाटले, पण प्लग तसाच राहिला आणि रिसीव्हर व एक दिवा मिळून ५० मिलिअँपिअर घेत राहिले. ४४० भागिले ५०, म्हणजे नऊ तासांच्या आत पॅक पूर्ण रिकामा. रात्री ठेवलेला पॅक सकाळी मेलेला असतो. म्हणून उड्डाण संपले की पॅक काढूनच ठेवावा. असा पॅक चार्जरने नाकारला तर निकेल बॅटरीच्या मोडवर थोडा वेळ लावून ‘जागा’ करण्याची युक्ती काहीजण सांगतात. चार्जर इथे जे नाकारतो ते सकारण नाकारतो. हजार-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी त्याचा नकार चकवणे हा घरावर लावलेला जुगार आहे.

६. ठेवायचा तर अर्धा भरलेला

साठवणुकीचा नियम एका ओळीत मावतो: दोन-तीन दिवसांत वापरायचा नसेल तर पॅक प्रति सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवावा. तीन सेलला ११.४ ते ११.५५. चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाचा मोड असतो. तो भरलेला पॅक खाली आणतो आणि रिकामा वर नेतो. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये दोन्ही लेप रासायनिकदृष्ट्या सर्वांत अस्थिर असतात. द्रावणाशी त्यांच्या बारीक प्रक्रिया चालू राहतात, वायू तयार होतो, पाकीट फुगते. आणि काही बिघडलेच तर भरलेला सेल जास्त उष्णता सोडतो, कमी तापमानाला पेटतो. हे केवळ छंदवाल्यांचे मत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार १ एप्रिल २०१६ पासून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या, ज्यांत लायपोही आले, विमानाने मालवाहू म्हणून पाठवताना ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवता येत नाही. घरी आपण त्याहून थोडे वर, अर्ध्याच्या आसपास थांबतो, कारण पॅक काही महिने पडून राहिला आणि आपोआप उतरला तरी खालच्या मर्यादेला लागू नये. दोन महिन्यांतून एकदा व्होल्टेज तपासावे.

यावर आक्षेप येतो: रविवारी सकाळी हवा चांगली पडली आणि पॅक अर्धेच असले तर? उत्तर आहे तासभर. १सी ने अर्धा पॅक भरायला तेवढाही वेळ लागत नाही. त्या तासाभरासाठी आठवडाभर पाच-सहा भरलेले पॅक कपाटात ठेवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. पॅकचे आयुष्यही त्यात झपाट्याने घटते.

चौथा पहारा तापमानाचा, आणि तो आपल्याकडे विशेष कडक हवा. चार्जिंगसाठी उत्पादक साधारणपणे ० ते ४५ अंशांची मर्यादा देतात. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोला किंवा जळगावला बाहेरची हवाच ४५ च्या आसपास असते. गच्चीवरच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० च्या पुढे जाऊ शकते. तेव्हा पॅक गाडीत विसरू नयेत आणि वापरून आलेला गरम पॅक हाताला गार लागेपर्यंत चार्ज करू नये. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करावे. कोकणात आणि गोव्यात पावसाळी दमटपणाने कनेक्टरवर हिरवट गंज चढतो. सैल, गंजलेला सांधा मोठ्या प्रवाहाला तापतो. असे कनेक्टर बदलावेत. फ्रिजमध्ये पॅक ठेवण्याचा सल्ला मात्र आपल्या दमट हवेत टाळावा, कारण बाहेर काढताच त्यावर पाणी धरते.

७. जागा, डबा आणि पिशवी

चार पहारे नीट दिले तर डब्याची गरज बहुधा पडणार नाही. तरीही सेलमध्ये कारखान्यातला दोष असू शकतो, म्हणून शेवटची तटबंदी हवी. चार्जिंगची जागा न जळणारी असावी: कडप्प्याचा ओटा, कोटा फरशी, सिमेंटचा कट्टा. गादी, सोफा, लाकडी कपाट, पडदा आणि वर्तमानपत्रांची रद्दी जवळ नको. स्वयंपाकघरात गॅस सिलिंडर असतो, म्हणून तिथला ओटा कडप्प्याचा असला तरी वर्ज्य. आपल्या बहुतेक फ्लॅटना बाहेर पडायला एकच दार असते. चार्जिंगची जागा माणसे आणि ते दार यांच्या मधे नसावी. जिन्याखालचा कोपरा सगळ्या इमारतीची सुटकेची वाट अडवतो, म्हणून तोही नको. सावलीतली, पाऊस न येणारी गॅलरी बहुतेक घरांत सर्वांत बरी.

बाजारात ‘फायरप्रूफ’ म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. चांगली पिशवी ज्वाळा काही काळ अडवते, पण धूर अडवत नाही, आणि पातळ पिशवी मोठ्या पॅकपुढे टिकत नाही. पत्र्याचा डबा उपयोगी आहे, मात्र घट्ट झाकणाचा फराळाचा डबा नको. पेटलेला सेल क्षणात भरपूर वायू सोडतो; त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर डबाच फुटतो. झाकण सैल हवे किंवा डब्याला भोके हवीत, आणि आत पॅकची टोके पत्र्याला लागणार नाहीत अशी सोय हवी. मातीची मोठी कुंडी, तळाशी कोरडी वाळू, हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. एका डब्यात सगळे पॅक कोंबू नयेत. एक पेटला तर शेजाऱ्यांना पेटवतो.

८. फुगलेला पॅक आणि पेटलेला पॅक

फुगलेला, चेपलेला, वेष्टण फाटून चंदेरी पाकिटाला भोक पडलेला किंवा पाण्यात बुडालेला पॅक पुन्हा चार्ज करू नये. टाचणीने वायू काढण्याचा उपाय तर थेट आगीचे आमंत्रण आहे. विमान आपटल्यावर पॅक वरून ठीक दिसला तरी आत पडदा फाटलेला असू शकतो आणि आग काही वेळाने लागू शकते. असा पॅक लगेच बॅगेत भरू नये. मोकळ्या जागी, न जळणाऱ्या पृष्ठभागावर काही तास नजरेखाली ठेवावा. निवृत्त करायचा धड पॅक घराबाहेर, चार्जरच्या डिस्चार्ज मोडने आणि नंतर गाडीच्या १२ व्होल्टच्या छोट्या बल्बवर पूर्ण उतरवावा. मिठाच्या पाण्यात टाकण्याचा उपाय भरवशाचा नाही: टोके गंजून जोडणी तुटते, आत चार्ज राहतो आणि पॅक मेला असे वाटते. बल्बवर उतरवलेल्या पॅकची दोन्ही टोके वेगवेगळी टेपने झाकावीत. दोन्ही वायरी एकाच वेळी कात्रीने कापल्या तर कात्रीतच शॉर्ट होतो.

तो पॅक घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबताना पाकीट फुटले तर गाडी पेटते आणि भाजतात ते सफाई कामगार. भारताच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि वापरून झालेली बॅटरी घरच्या इतर कचऱ्यापासून वेगळी काढून संकलन करणाऱ्याकडे देण्याची जबाबदारी ग्राहकावर.

आणि पेटलाच तर? आधी फुगवटा, मग सुस्कारा टाकल्यासारखा आवाज, पांढरा धूर आणि लगेच ज्वाळा, असा क्रम असतो. मधला वेळ काही सेकंदांचाच. पॅक उचलून घरभर पळू नये. जाता जाता मेन स्विच बंद करता आला तर करावा, माणसे बाहेर काढावीत, खोलीचे दार ओढून घ्यावे आणि १०१ ला फोन करावा. धुरात हायड्रोजन फ्लुओराइडसारखे विषारी वायू असतात. तो धूर छातीत भरून आग विझवण्याचा पराक्रम नको. ‘लिथियमवर पाणी टाकले तर भडका उडतो’ हे शाळेत धातुरूप लिथियमबद्दल शिकलेले सत्य आहे. लिथियम-आयन सेलमध्ये धातुरूप लिथियम फार थोडा असतो, आणि इथे पाण्याचे काम थंड करण्याचे आहे. विमानातल्या कर्मचाऱ्यांनाही अशा आगीत ज्वाळा विझवल्यावर भरपूर पाणी ओतून बॅटरी थंड करायला शिकवतात. वाळू ज्वाळा आवरते आणि शेजारच्या वस्तू वाचवते, पण ऑक्सिजन आतच असल्याने सेलमधली प्रक्रिया थांबवत नाही. म्हणून वीज तोडलेली असेल, आग लहान असेल आणि पाठीमागे मोकळी वाट असेल तरच लांबून पाणी मारावे. विझलेला पॅक पुन्हा पेटू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

९. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’

सगळ्यांत जड आक्षेप अनुभवाचा असतो: इतकी वर्षे असेच चार्ज करतो, काही झाले नाही. हा अनुभव खोटा नाही, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. धातुरूप लिथियमचा थर, विरघळलेले तांबे, सेलांतला वाढता फरक ही नुकसाने मूकपणे साचतात. काही न होणे म्हणजे नुकसान न होणे असे समजता येत नाही. फक्त ते अजून पडद्यापलीकडे पोहोचलेले नाही. आणि ज्या अपघाताची शक्यता लहान पण फळ घराएवढे, त्याचा हिशेब केवळ शक्यतेवर करता येत नाही. दुसऱ्या टोकाला काही पालक म्हणतात, मग हा छंदच नको. तेही चूक आहे. वजन, प्रवाह आणि नियंत्रण यांचा मेळ कसा घालायचा हे मुले या छंदातून हाताने शिकतात, आणि चार पहाऱ्यांची शिस्त हा त्या शिक्षणाचाच भाग आहे. मूल लहान असेल तर चार्जिंग मोठ्यांनीच करावे. महाविद्यालयांच्या कार्यशाळांनीही पॅकच्या कपाटावर नियमांचा कागद लावून थांबू नये; प्रत्येक पॅकला क्रमांक द्यावा, सेलनिहाय व्होल्टेजची वही ठेवावी आणि शनिवारी कुलूप लावण्याआधी सगळे पॅक स्टोरेज चार्जवर आहेत, हे एकाने सही करून सांगावे.

हे वाचून झाल्यावर एक काम आजच करा. घरातले सगळे पॅक बाहेर काढा आणि तीन-चारशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या सेल-चेकरने प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजा. ४ च्या वर आढळतील ते आजच ३.८ वर आणा. ३ च्या खाली गेलेले, फुगलेले आणि चेपलेले वेगळे काढा, त्यांवर ‘चार्ज करू नये’ असे ठळक लिहा आणि ते घराबाहेर सुरक्षित जागी ठेवून संकलनाला द्या. उरलेले सैल झाकणाच्या डब्यात, सावलीत, थोडे थोडे विभागून ठेवा. एका संध्याकाळचे हे काम आहे, आणि छंद टिकवायचा असेल तर ते टाळता येणार नाही.